वाची राहिना का सांगी राहिना? माहितीपर पुस्तकाचं ऑडिओबुक करताना

आक्काला काचबिंदूमुळे दिसेनासं झालं त्याला आता सात वर्षं होतील. चौतीस वर्षं पारोळ्यात इतिहास शिकवलेली बाई. टीव्हीवरच्या मालिका तिला सहन होत नाहीत आणि भजनात तिचा जीव रमत नाही. तिला लागतात चरित्रं, प्रवासवर्णनं, इतिहास, पाण्यावरची-शेतीवरची पुस्तकं. म्हणून मी अमळनेरला आमच्या मागच्या खोलीत पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायला लागलो. पहिलं पुस्तक अकरा तासांचं झालं. पेनड्राइव्ह खिशात घालून एसटीनं पारोळ्याला गेलो. चहा झाला. आक्कानं दहा मिनिटं ऐकलं, हात वर करून थांबवलं आणि विचारलं, "बापू, तू वाची राहिना का सांगी राहिना?"

अहिराणी न येणाऱ्यांसाठी: तू वाचतोयस की सांगतोयस?

मी वाचत होतो. घरी येऊन ते अकरा तास पुसून टाकले.

त्यानंतर तेवीस पुस्तकं झाली. त्यातल्या चार-पाचांची मला आजही लाज वाटते, सात-आठ बरी आहेत, आणि दोनच अशी आहेत की आक्कानं ती पुन्हा लावून ऐकली. कादंबरी-कथांबद्दल मी इथे काही सांगणार नाही, ते वेगळं काम आहे. हे फक्त ललितेतर पुस्तकांबद्दल.

माझी एक अडचण आधीच सांगून टाकतो, कारण ती बऱ्याच जणांची असते. ऐंशीच्या दशकात मी जळगावला एका छापखान्यात कॉपी होल्डर होतो. म्हणजे मुद्रितशोधक प्रूफ डोळ्यांसमोर धरून बसायचा आणि मी मूळ मजकूर त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचा, विरामचिन्हांसकट. "सभेला स्वल्पविराम अध्यक्षांच्या अनुपस्थितीत स्वल्पविराम उपाध्यक्षांनी..." असं दिवसाचे सहा तास. या कामाची खुबी अशी की अर्थ डोक्यात शिरू द्यायचा नाही. अर्थात गुंतला की चूक निसटते. नऊ वर्षं मी न समजता अस्खलित वाचायची सवय लावून घेतली. ऑडिओबुक पडतं ते याच सवयीमुळे. आवाज गोड, उच्चार स्वच्छ, अडखळणं नाही, आणि तरी विसाव्या मिनिटाला ऐकणारा घोरतो. वाचणाऱ्याला वाक्याचा पुढचा अर्धा भाग माहीत नसला की ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं. कसं कळतं ते त्याला सांगता येत नाही, पण कळतं.

पुस्तक कानाचं आहे का?

सगळी चांगली पुस्तकं ऐकायला चांगली नसतात. आमच्याकडे याची परीक्षा तुरीच्या शेंगा सोलताना होते. बायकोचे हात कामात, डोळे टोपलीत. मी मधलीच चार पानं वाचतो, पहिली नाही, कारण पहिलं पान प्रत्येक लेखक घासूनपुसून लिहितो. मग मध्येच पुस्तक मिटतो आणि गप्प बसतो. तिनं "मग?" म्हटलं तर पुस्तक घ्यायचं. "हं" म्हटलं तर परत कपाटात. वाचनालयातल्या मित्रांना ही परीक्षा पोरकट वाटते, पण गेल्या पाच वर्षांत ती एकदाच चुकली.

बोलून झालेलं पुस्तक कानाला कसं लागतं याचा दाखला आपल्या खानदेशातच आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, दर रविवारी एक अध्याय. समोर बसून साने गुरुजी लिहून घेत होते. ते पुस्तक आधी ऐकलं गेलं आणि नंतर कागदावर आलं. आजही उघडून मोठ्यानं वाचा, वाक्यं श्वासाच्या मापाची आहेत आणि जीभ कुठे अडखळत नाही. नवीन माणसानं वाचनाचा सराव करायचा तर यातलं एखादं प्रवचन घ्यावं.

दुसऱ्या टोकाला प्रबंधाची झालेली पुस्तकं. "पूर्वोक्त प्रकरणात निर्देशिल्याप्रमाणे" असं वाक्य आलं की छापील पुस्तकात डोळा मागे जाऊन येतो, कान मागे जात नाही. धुळ्यात ज्यांच्या नावानं संशोधन मंडळ आहे, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांच्या प्रस्तावना मी मोठ्या हौसेनं वाचून पाहिल्या. भांडायला लागले की कानाला मेजवानी. पण शक, तिथ्या आणि पत्रांची जंत्री सुरू झाली की मी स्वतःच कुठे आहे ते विसरायचो. ते काम अर्ध्यावर सोडलं. पुस्तकात खोट काही नाही, ते टेबलावर पसरून, कागद-पेन घेऊन वाचायचं आहे, इतकंच.

परवानगीचं थोडक्यात. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन आता मोकळं आहे. अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा धरायचा, मूळ लेखक कितीही जुना असो. दृष्टिहीन किंवा छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या माणसांसाठी, नफा न घेता केलेल्या प्रतींना २०१२ च्या दुरुस्तीत सूट मिळाली आहे. पण तीच फाइल उद्या सगळ्यांसाठी टाकायची असेल तर लेखी परवानगी घ्या. फोनवर "करा की, काय बिघडलं" म्हणणारे प्रकाशक नंतर विसरतात.

पेन्सिल घेऊन बसा

रेकॉर्डिंगआधी पुस्तक पूर्ण वाचायचं. शेवटच्या पानापर्यंत. हे मी पूर्वी टाळायचो. एका आठवणींच्या पुस्तकात लेखकानं आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्याबद्दल "साहेब मोठे देवमाणूस" असं वारंवार लिहिलं होतं. मी तीन प्रकरणं श्रद्धेनं वाचली. चौथ्या प्रकरणात कळलं की साहेब बियाण्याच्या पोत्यामागे पैसे खायचे आणि आधीचं सगळं कौतुक उपरोधाचं होतं. तिन्ही प्रकरणं पुन्हा केली. उपरोध वाचताना डोळा मारायची गरज नसते, "देवमाणूस" शब्दाआधी किंचित थांबलं तरी भागतं. पण तिथे थांबायचं हे आधी माहीत हवं.

वाचताना तीन गोष्टींवर खुणा करतो.

पहिली, नावं आणि परके शब्द. वहीत यादी करून एकेक खात्री करून घ्यायची. गावाचं नाव त्या गावच्या माणसाला विचारावं, झाडाचं नाव शेतकऱ्याला, औषधाचं नाव औषधाच्या दुकानात. संकोच करू नये. अर्ध्या मिनिटाच्या फोननं काम होतं आणि चुकीचं नाव ऐकून त्या गावचा श्रोता तिथेच पुस्तक बंद करतो. यात मराठीचे च, ज, झ येतात. विश्व या अर्थाचं "जग" आणि "शंभर वर्षं जग" यातलं "जग" लिहायला एकच, बोलायला दोन. चार आणि चारा, माझी आणि माझा, चर्चा आणि चळवळ. घरात बोलताना चुकत नाहीत, पण कागदावरून वाचताना, विशेषतः संस्कृत शब्दांची रांग लागली की, "चळवळ"ही "चर्चा"सारखी वाचून जातो. मी तीनदा तरी पकडला गेलोय.

इथे आमचं एक जुनं दुखणं आहे. अहिराणीत ळ चा य होतो. शाळा म्हणजे शाया, डोळा म्हणजे डोया, जळगाव म्हणजे जयगाव. लहानपणीची ती जीभ दमल्यावर परत येते. एकदा एका मोठ्या शहरातल्या स्टुडिओत नमुना द्यायला गेलो होतो. काचेपलीकडचा पोरगा हसला आणि म्हणाला, "काका, गावाकडचा टोन घालवून या." घरी येऊन महिनाभर ळ घोटला, ते बरंच झालं. पण टोन घालवला नाही. माझं मत असं की उच्चार पुस्तकाचा हवा आणि सूर माणसाचा. कापसाच्या, केळीच्या, तापीच्या पुस्तकाला पुण्याच्या पेठेतला सूर कशाला हवाय?

दुसरी खूण आकड्यांना. ३७.५ टक्के हे "सदतीस पूर्णांक पाच" असं वाचलं की हिशेबनीस बोलतोय असं वाटतं, "साडेसदतीस" म्हटलं की माणूस. १.२५ लाख म्हणजे सव्वा लाख. १८५७ म्हणजे अठराशे सत्तावन्न. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांचा गोंधळ होणारी पिढी आता आली आहे. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मी अजून एकोणऐंशीच म्हणतो, मात्र हळू म्हणतो आणि पुढे श्वासभर थांबतो. एका वाक्यात चार आकडे असतील तर त्यातला एकच महत्त्वाचा असतो. तो शोधून त्याच्याखाली रेघ मारा. बाकीचे तीन नेहमीच्या चालीनं जाऊ द्या.

तिसरी, तळटीपा आणि तक्ते. संदर्भाची तळटीप, म्हणजे पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक, मी सोडतो आणि तसं सुरुवातीलाच सांगतो. खुलाशाची तळटीप वाक्य संपल्यावर जरा खालच्या आवाजात वाचतो. गमतीची तळटीप तर सोडायचीच नाही, मराठी लेखक आपली सगळी खोडी तिथे करतो. तक्ता पाच-सहा ओळींचा असेल तर वाचतो. तीस ओळींचा असेल तर लेखकाला विचारून, "इथे छापील पुस्तकात तक्ता आहे" असं सांगून त्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा तेवढा देतो. पीक उत्पादनाचा अख्खा तक्ता मी एकदा आक्काला इमानदारीनं वाचून पाठवला होता. तिचा फोन आला, "माले झोप ई गयी, तुले नही उनी का?"

"उदा.", "इ.स.पू.", "कि.मी.", "रु." हे सगळं पुरं म्हणायचं, हे सांगायला नको. तरी सांगतो, कारण "रु पाचशे" असं मी विकत घेतलेल्या ऑडिओबुकात ऐकलं आहे.

एक वाक्य जवळून

हे वाक्य घ्या:

"१९०६ साली खानदेश जिल्ह्याची पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश अशी विभागणी झाली, पुढे पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा आणि पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला."

साधं वाक्य आहे, पण "खानदेश" पाचदा आलाय. पाचही ठिकाणी जोर दिला तर लाउडस्पीकरवर घोषणा चालल्यासारखं होतं. पहिल्यांदा "खानदेश" नवा आहे, तिथे जोर. त्यानंतर तो जुना झाला, आता नवं काय आहे? "पूर्व" आणि "पश्चिम". जोर त्यांच्यावर. स्वल्पविरामापर्यंत एक श्वास. पुढच्या तुकड्यात पूर्व-पश्चिमही जुने झाले, नवे आहेत "जळगाव" आणि "धुळे". शेवटच्या तुकड्यात धुळं जुनं, "नंदुरबार" नवं. तारीख सरळ म्हणा, तिला नटवू नका. "वेगळा निघाला" हे दोन शब्द पुरे म्हणा.

नवीन आलेल्या शब्दाला जोर आणि जुन्याला सोडून देणं, माझ्या मते निवेदनाचं अर्धं शास्त्र इथेच संपतं. कुणाशी बोलताना आपण हे आपोआप करतो. घरी येऊन "अगं, बसमध्ये कोण भेटलं माहितेय?" असं सांगताना कुणी चुकत नाही. कागद हातात आला की जमत नाही, कारण कागदावर सगळे शब्द सारख्याच शाईचे असतात.

आणि मराठीत क्रियापद शेवटी येतं, हे कधी विसरू नका. "कंपनीनं शेतकऱ्यांची मागणी पहिल्याच बैठकीत मान्य केली नाही." वाक्य संपत आलं की आवाज खाली जातो आणि श्वासही संपलेला असतो. तो "नाही" गिळला गेला तर इतिहास उलटा होतो. मला हे आक्कानंच दाखवून दिलं. एका करारावर आम्ही दोघं पाच मिनिटं भांडत होतो, तिच्या मते तो झाला, माझ्या मते फिस्कटला. पुन्हा लावून ऐकलं तर माझा "नाही" खरोखरच ऐकू येत नव्हता. तेव्हापासून लांब वाक्यात मी श्वास आधी घेतो, क्रियापदाच्या तीन-चार शब्द अलीकडे. तिथे पेन्सिलीनं छोटी उभी रेघ असते.

कोणता आवाज लावायचा

कोणताच लावायचा नाही. आपल्याकडे शाळेपासून वक्तृत्व स्पर्धा असते, त्यामुळे माइक दिसला की माणूस छाती पुढे काढून "अध्यक्षमहोदय, पूज्य गुरुजनवर्ग" वर जातो. दुसरा रोग बातम्यांचा, प्रत्येक वाक्य एकाच उंचीवर सुरू होऊन एकाच उंचीवर संपतं. पंधरा मिनिटांच्या बातमीपत्राला ते शोभतं, अकरा तासांच्या पुस्तकाला नाही. तिसरा कीर्तनी हेल. तो गोड असतो म्हणून जास्त घातक, कारण हेल कानात राहतो आणि मजकूर उडून जातो.

मी समोरच्या खुर्चीवर आक्काचा जुना चष्म्याचा डबा ठेवतो. हसू नका. पाचशे लोकांशी बोलणं आणि एका माणसाशी बोलणं यात आवाजाची उंची बदलते, आणि मला तो एक माणूस दिसावा लागतो. जिथे मला वाटतं की ती भुवई उंचावेल, तिथे मी आपोआप हळू होतो. "पण", "तरीसुद्धा", "उलट" असे छोटे शब्द आले की तिच्याकडे पाहतो. वैचारिक पुस्तकात वळणं या शब्दांवर असतात. ते घाईत गेले की ऐकणारा आधीच्याच रस्त्यानं सरळ चालत राहतो.

अवतरणांचं काय करायचं? नाटक करू नका. एका चरित्रात मी गांधीजींचं वाक्य बारीक, थरथरत्या आवाजात वाचलं होतं. आक्का म्हणाली, "हाऊ कोन बोलस? तू का तो?" अवतरणाआधी छोटी विश्रांती, आवाज एक पायरी खाली, संपल्यावर परत आपल्या जागी. तेवढ्यानं अवतरणचिन्हं ऐकू येतात. बोलीभाषेतलं अवतरण असेल तर ती बोली येत असेल तरच त्या लयीत म्हणा, नाहीतर सरळ वाचा. खोटी अहिराणी ऐकण्यापेक्षा सपाट वाचन परवडलं.

लेखकानं स्वतः वाचावं का, असं मला दोन-तीन लेखकांनी विचारलं आहे. आत्मचरित्र असेल तर जरूर, आवाज खरखरीत असला तरी. तो तिथे होता हे आवाजात येतं, ते कोणी कलावंत आणू शकत नाही. अर्थशास्त्र, विज्ञान असेल तर मी सावध राहतो. लेखकाला ते इतकं पाठ असतं की तो धावतो, आणि ऐकणारा पहिल्यांदा ऐकतोय हे विसरतो.

यंत्राच्या आवाजाबद्दलही थोडं. संगणकावर मराठी वाचणारे आवाज आता सहज मिळतात. परीक्षेचा अभ्यास करणारी अंध मुलं ते अशा वेगानं ऐकतात की आपल्याला एक शब्द कळत नाही. त्यांना मजकूर हवा असतो, तो मिळतो, उत्तम आहे. पण उपरोध, "जग" आणि "जग" यातला फरक, चार आकड्यांतला महत्त्वाचा एक, हे यंत्राला मी दिलेल्या पानांवर तरी साधलं नाही. आणि खरं सांगायचं तर कॉपी होल्डर असताना मीही तसाच वाचायचो, तेव्हा यंत्राला फार नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

खोली, उन्हाळा आणि मालगाडी

अमळनेर सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आहे. मालगाडीच्या भोंग्याला वेळापत्रक नसतं. मंगळवारी मंगळग्रह मंदिराकडे जाणाऱ्यांची वर्दळ, वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा, आणि बाकीच्या दिवशी कुणाचं तरी लग्न. मे महिन्यात पारा ४४-४५ वर, पंखा बंद केला की घाम टपकतो आणि पंखा लावला की रेकॉर्डिंगमध्ये पूर येतो. म्हणून मी पहाटे चारला उठतो. साडेचार ते साडेसहा, दोन तास. त्यापुढे आवाजही थकतो आणि शेजारचा पंपही सुरू होतो.

स्टुडिओ म्हणाल तर कपड्यांचं उघडं लाकडी कपाट, दोन्ही दारांवर आणि मागच्या भिंतीवर जाड गोधड्या, खाली सतरंजी. रिकामी खोली घुमते आणि घुमलेला आवाज नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरनं नीट सुटत नाही. माइक तोंडापासून एक वीत, थेट समोर न ठेवता किंचित बाजूला, म्हणजे प-फ-भ चे फटके बसत नाहीत. समोर जाळी असली तर अजून बरं. गल्ली शांत नसेल तर कंडेन्सरपेक्षा डायनॅमिक माइक घ्या, तो दूरचं कमी पकडतो. फोन दुसऱ्या खोलीत. घड्याळ भिंतीवरून काढून ठेवा, टिकटिक येते. मला हे सहाव्या पुस्तकानंतर कळलं.

आदल्या रात्री शेवभाजी नको, घसा दुसऱ्या दिवशी सांगतो. सकाळी दुधाचा चहा नको, जिभेला चिकटा येतो आणि टक-टक असे बारीक आवाज माइक पकडतो. कोमट पाणी जवळ ठेवा. आणि रिकाम्या पोटी बसू नका, पोटाची गुरगुर अशी स्पष्ट येते की लेखकाच्या गंभीर विधानाला कोणीतरी हुंकार देतंय असं वाटतं. मी कळण्याची अर्धी भाकरी खाऊन बसतो.

मोजमापांसाठी ऑडिबल या ऑडिओबुकं विकणाऱ्या कंपनीला पुस्तकं पुरवणाऱ्या एसीएक्सचे आकडे धरून चालतो, कुठेही दिलं तरी चालतात. सरासरी आवाज, म्हणजे आरएमएस, उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या मध्ये. सर्वांत उंच टोक उणे ३ च्या खाली. कुणी बोलत नसताना खोलीची गुणगुण उणे ६० च्या खाली. एमपी३, १९२ केबीपीएस, ४४.१ किलोहर्ट्झ. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं फुकटात जमतं. त्यातलं "पंच अँड रोल" शिकून घ्या: चुकलं की थोडं मागे जाऊन आपलाच आवाज ऐकत ऐकत चुकीवरून पुढे वाचायचं. मी आधी प्रत्येक चूक नंतर शोधून कापायचो, निम्मा जन्म त्यातच गेला असता. रोज सुरुवातीला अर्धा मिनिट गप्प बसून खोलीची शांतता रेकॉर्ड करून ठेवा. मध्ये एखादा भोंगा कापला की तिथे ठिगळ लावायला ती लागते, अगदीच निःशब्द तुकडा टाकला तर विहिरीत पडल्यासारखं वाटतं.

वेगाचं म्हणाल तर मी मिनिटाला ११० ते ११५ शब्दांच्या आसपास असतो. इंग्रजी वाचणारे दीडशेच्या घरात सांगतात. पण आपला "स्वातंत्र्यसैनिकांसाठीसुद्धा" हा एक शब्द त्यांच्या चार शब्दांना पुरून उरतो. घाईवाल्यांना फोनमध्ये वेग वाढवता येतो. तुम्ही मात्र स्वतः धावू नका.

एका तासाच्या तयार फाइलीला माझे साधारण सहा तास जातात, तयारी, वाचन, कापाकापी आणि शेवटचं ऐकणं धरून. दुसऱ्या दिवशी पुढचं वाचायच्या आधी कालची शेवटची पाच मिनिटं ऐका, नाहीतर प्रकरणाच्या मधोमध माणूस बदलल्यासारखा वाटतो. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी रेकॉर्ड करू नका. शेवटचं ऐकणं खुर्चीत बसून करू नये. मी इअरफोन लावून बोरीच्या काठानं चालतो, पुस्तक बरोबर नसतं. जिथे माझंच लक्ष उडालं ती वेळ चिठ्ठीवर लिहितो. त्या जागा जवळपास नेहमी अशा निघतात जिथे मी वाचताना दुसराच विचार करत होतो.

नुसतं ऐकणाऱ्यांसाठी एक युक्ती. २०१७ च्या अखेरीस स्टोरीटेल भारतात आलं तेव्हापासून मराठी ऑडिओबुकं खूप जणांच्या फोनवर आहेत, आणि विकत घ्यायच्या आधी नमुना ऐकता येतो. नमुन्यात पहिली पाच मिनिटं ऐकून ठरवू नका, ती सगळ्यांचीच छान असतात. शक्य असेल तर मधल्या प्रकरणात जा, आकडे आणि अवतरणं असलेल्या जागी. तिथे निवेदक जागा असेल तर पुस्तक घ्या.

आता शेवटचं, फाइलींची नावं. हे सर्वांत क्षुल्लक वाटेल. मी सुरुवातीला प्रकरणांना १, २, ३ असे आकडे द्यायचो. आक्काचा छोटा प्लेअर ते १, १०, ११, १२, २ अशा क्रमानं लावायचा, हे मला माहीत नव्हतं. एका समाजसुधारकाचं चरित्र दिलं होतं, बारा प्रकरणांचं. चार दिवसांनी सकाळीच फोन. आधी बराच वेळ काही बोलेना, मग म्हणाली, "बापू, पुस्तक चांगलं शे. पन तो मरी गया ना? मंग शायामा कसा गया?"

तेव्हापासून मी ०१, ०२ लिहितो.